रोम म्हटलं की इटलीच का?

आधी सांगून टाकते: अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात रोम नावाचं गाव आहे. एरी कालव्याचं खोदकाम ४ जुलै १८१७ रोजी तिथून सुरू झालं. हे मी गेल्या वर्षी इतक्या लोकांना सांगितलं आहे, की झोपेतून उठवून विचारलंत तरी तारखेसकट सांगेन. कारण माझं प्रूफ मशीन, म्हणजे छपाईआधी चुका तपासायची कच्ची प्रत काढायचं यंत्र, त्या रोमचं आहे आणि आपल्याकडच्या एका बंदरावर ते २६ दिवस इटालियन म्हणून पडून होतं. बंदराचं आणि माल सोडवणाऱ्या एजंटचं नाव लिहीत नाही. अजून एक खोकं यायचं आहे.

मशीन घेतलं कशाला, तर त्याचं मूळ बाबांमध्ये. ते पुण्यात एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. त्यांच्याकडे प्रूफ काढायची पद्धत अशी की गॅलीत, म्हणजे पत्र्याच्या ट्रेमध्ये, जुळाऱ्याने जुळवलेल्या शिशाच्या अक्षरांवर, म्हणजे खिळ्यांवर, शाई फिरवायची, ओलसर कागद ठेवायचा आणि वरून ब्रशने ठोकायचं. अर्धी वेलांटी उमटायची, अर्धी जुळाऱ्याच्या मनात राहायची. शिकागोत असताना एका छापकामाच्या वर्गात मी पहिल्यांदा खरा प्रूफ प्रेस पाहिला, मजकुरावरून एक जड सिलिंडर सरळ फिरतो आणि प्रत्येक काना जागच्या जागी उमटतो, तेव्हा मला बाबांचा चष्मा आठवला. परत येताना एक घेऊनच यायचं ठरवलं.

या विषयात शिरलं की एकच नाव कानावर पडतं, व्हॅन्डरकुक. शिकागोची कंपनी, १९०९ मध्ये सुरू झालेली. यंत्र उत्तमच, पण आता चित्रकार आणि डिझायनर मंडळींनी भाव असा चढवून ठेवला आहे की विचारायची सोय नाही. पण प्रूफ प्रेस बनवणारी ती एकटी नव्हती. मिशिगनच्या ग्रँड हेवनला चॅलेंज, शिकागोतच हॅकर, शिवाय पॉटर आणि पोको ही नावं. शिकागोच्याच शोकार्ड आणि मॉर्गन यांची छोटी मशीनं तर मुळात छापखान्यांसाठी नव्हतीच, मोठ्या दुकानांना भावाच्या पाट्या छापायला दिलेली. मॉर्गनच्या मशीनचं नाव लाइन-ओ-स्क्राइब. आणि रोमची नोलन. मला मिळालं ते नोलनचं, एका बंद पडलेल्या छापखान्याच्या तळघरातून, ३०० डॉलरला. दोन बाजूंना रूळ, मधे मजकूर ठेवायचा सपाट बेड, वर सिलिंडर. शाई हाताने लावायची, कागद हाताने ठेवायचा. मोटर नाही, वायर नाही, बिघडायला काही ठेवलेलंच नाही.

पॅकिंग, ट्रक, जहाज, सगळं सुरळीत झालं. क्रेटच्या लाकडावर उष्णता दिल्याचा शिक्का मात्र बघून घ्या. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांना ३० मिनिटं तापवलेलं असावं लागतं आणि शिक्क्यात ‘एचटी’ ही अक्षरं असतात. तो नसेल तर पुढचं काहीच वाचू नका, तुमची गोष्ट वेगळी आणि माझ्याहून वाईट असेल.

आता खरी गोष्ट. वापरलेलं यंत्र देशात आणायचं तर चार्टर्ड इंजिनिअरचा अहवाल लागतो. बनवणारा कोण, देश कुठला, साल कोणतं, नवं असताना किंमत काय होती, अजून किती वर्षं चालेल. मोठ्या कारखान्याच्या मशीनसाठी हे प्रश्न योग्यच आहेत. पण जे मशीन बनवणाऱ्याचं नाव त्या धंद्यातल्याही बऱ्याच लोकांना माहीत नाही, त्याच्या बाबतीत प्रत्येक चौकट म्हणजे एक विहीर.

एजंटने पहिल्या दिवशी फोन केला. “मॅडम, तुमचं प्रेस आहे ना? पॉवर प्रेस?”

म्हटलं, छपाईचं.

“मग असं सांगा ना.” तोपर्यंत त्याने कस्टम्सच्या यादीत पत्रा दाबायच्या मशीनच्या ८४६२ या शीर्षकाखाली ते टाकून झालं होतं. छपाईची यंत्रं ८४४३ मध्ये येतात. हे बदलायला चार दिवस गेले. ते मी सोडून देते, कारण पुढच्या मानाने ते काहीच नव्हतं.

मशीनवर दोन पाट्या होत्या. पुढे पितळेची मोठी, चकचकीत, शिकागोच्या एका विक्रेत्याची. मागे, बेडखाली, लहान आणि रंगाने माखलेली: नोलन, रोम, आणि त्यापुढे काहीतरी जे रंगात बुडालं होतं. एजंटने पुढची पाटी पाहून एका कागदावर विक्रेत्यालाच उत्पादक केलं. इंजिनिअरसाहेब कष्टाळू माणूस, ते वाकून मागे गेले. त्यांनी दुसरी पाटी वाचली आणि अहवालात लिहिलं: उत्पादक नोलन, रोम, मूळ देश इटली. माझ्या बिलावर अमेरिका. तीन कागद, दोन उत्पादक, दोन देश. सगळं थांबलं.

इथे एक सांगते, कारण पुढे विसरेन. जुन्या प्रूफ मशीनवर जी पाटी ठळक दिसते ती बनवणाऱ्याचीच असेल असं समजू नका. टाइप आणि छपाईचं सामान विकणारी दुकानं आपली पाटी ठोकून मशीन देत. बनवणाऱ्याचं नाव शोधायचं तर बेडखाली, बाजूच्या बिडाच्या चौकटीवर, सिलिंडरच्या टोकाला बघा. आणि हे खरेदीच्या दिवशी करा, बॅटरी आणि चिंधी घेऊन. मी त्या दिवशी मशीनच्या प्रेमात होते, त्यामुळे केलं नाही.

मी इंजिनिअरसाहेबांना फोन केला. “सर, रोम न्यूयॉर्कमध्ये आहे.”

दोन क्षण शांतता. मग अतिशय नम्रपणे, “मॅडम, रोम इटलीत आहे.”

मी नकाशा पाठवला. ते म्हणाले, नकाशा पुरावा होत नाही, पाटीवर जे आहे तेच लिहिता येतं. यात त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. एजंट म्हणाला, “इटलीच राहू द्या ना मॅडम, काय फरक पडतो? बिलावर इटली करून आणा.” म्हणजे ज्या माणसाने मला शिकागोजवळ मशीन विकलं त्याने इटलीहून विकलं असं लिहून द्यायचं! नाही म्हटलं तर सुचवलं, “मग नोलनचं नाव काढून टाकू, शिकागोवालाच ठेवू.” इथे मी हट्टाला पेटले हे कबूल करते. ते सोयीचं होतं, कदाचित आठवडा वाचला असता. पण आधीच या लहान कारखान्यांची नावं पुसत चालली आहेत, त्यात माझ्या सहीने आणखी एक पुसायचं? बाबा म्हणाले, “चूक दिसल्यावर मुद्रितशोधकाने गप्प बसायचं नसतं.” त्यांना काय, गोदामाचं भाडं मी भरत होते.

दहा दिवस पत्रं गेली. ‘आपले पत्र मिळाले, तपासणी सुरू आहे.’ रोज सकाळी फोन, रोज ‘उद्या बघू’. साहेब रजेवर, मग सर्व्हर बंद, मग जोडून सुट्ट्या. एकदा मला सांगण्यात आलं की माझी फाइल बाजूच्या टेबलावर गेली आहे. मी विचारलं, किती बाजूला? हसले नाहीत.

शेवटी उपाय बाबांनीच सांगितला. “अगं, पाटी नीट पूस आधी. रॉकेल लाव.” म्हणजे रंग निघाला तर पुढची अक्षरं दिसतील. हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. पण गोदामात मशीनला हात लावायला परवानगी लागते, तिचा अर्ज वेगळा, आणि इंजिनिअरची दुसरी भेट म्हणजे दुसरी फी. भरली. रॉकेल आता मिळतं कुठे, म्हणून थिनर नेलं. जुना टूथब्रश आणि मऊ कापड. घासू नका, फक्त ओलं करून थांबा. घासलं तर पाटीवरची अक्षरंच जातात. वीस मिनिटांनी रंग साबणासारखा सुटला आणि रोमच्या पुढे एक स्वल्पविराम दिसला. त्यानंतर एन, टिंब, वाय, टिंब.

इंजिनिअरसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. म्हणाले, “अच्छा. म्हणजे आहे.”

मला तिथे थोडं रडू आलं. थिनरमुळेही असेल.

पण सालाची चौकट राहिली होती. व्हॅन्डरकुक असतं तर बेडवर ठोकलेला क्रमांक वाचून साल काढता येतं. नावाजलेलं मशीन घ्यायचा हा एक फायदा मला मान्य करावा लागेल. माझ्या नोलनला साल सांगणारं काही नव्हतं. साहेबांनी ‘अंदाजे १९४० ते १९६०’ लिहिलं, तर एजंट म्हणाला चौकटीत चारच आकडे मावतात.

आणि इथे मला मनस्ताप देणारी ती विक्रेत्याची पितळी पाटी कामाला आली. तिच्यावर पत्ता होता ‘शिकागो ५, इलिनॉय’. हा पाच म्हणजे टपालाचा विभाग. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत हे विभागांक १९४३ मध्ये आले आणि १९६३ मध्ये पाच आकडी झिप कोड आला. म्हणजे पाटी या वीस वर्षांतली. शहराच्या नावापुढे असा एक-दोन आकड्यांचा अंक दिसला तर हे पक्कं धरा. जुन्या जाहिरातींचं साल लावायलाही हीच युक्ती चालते. शिकागोहून १८८३ मध्ये निघू लागलेल्या ‘इनलंड प्रिंटर’ या मासिकाचे जुने अंक चाळताना मला हे कळलं होतं. तेव्हा वाटलं होतं, याचा काय उपयोग.

साहेबांनी कागदावर आकडेमोड केली, १९४३ आणि १९६३ च्या मधलं वर्ष काढलं आणि चौकटीत १९५३ लिहिलं. शेऱ्यात कारण दिलं. “अजून किती वर्षं चालेल?” हा शेवटचा प्रश्न. मी सिलिंडर एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलून दाखवला. त्यांनी स्वतः पण ढकलून बघितला, दोनदा, आणि दहा वर्षं लिहिली. मला ती कमी वाटली, पण गप्प बसले. सव्विसाव्या दिवशी मशीन सुटलं. गोदामाचं भाडं मशीनच्या किमतीहून जास्त झालं.

कागद जमवताना एक करा. उत्पादक, गाव, राज्य आणि देश हे चारही शब्द विक्रेत्याकडून बिलावरच लिहून घ्या, आणि सगळ्या पाट्यांचे फोटो बिलाला जोडा. नुसतं ‘जुना प्रूफ प्रेस, एक नग’ असं लिहिलेलं बिल म्हणजे मीच.

घरी आल्यावर पहिलं प्रूफ काळं कुट्ट न येता कोरंच आलं. मला वाटलं प्रवासात काही वाकलं. तसं नव्हतं. अशा मशीनचा बेड गॅलीसकट मजकूर ठेवायच्या हिशेबाने खाली असतो. खिळ्याची उंची ०.९१८ इंच आणि गॅलीचा पत्रा ०.०५० इंच. नुसते खिळे बेडवर ठेवले तर सिलिंडर वरून हवेतच जातो. तेवढ्या जाडीचा सपाट पत्रा खाली सरकवला की झालं. आपल्याकडचे खिळे इंग्लंड-अमेरिकेच्याच उंचीचे, म्हणून पुण्यातल्या बंद छापखान्याचे खिळे यावर थेट चालतात. जर्मन मशीन घेत असाल तर विचारून घ्या. तिकडची उंची २३.५६ मिलिमीटर आणि आपली साधारण २३.३. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, छापताना नाही. आणि रफाराचं टोक बाहेर आलेले जुने खिळे असतील तर दाब हळूहळू वाढवा. माझे दोन रफार पहिल्याच दिवशी गेले.

पत्रा सरकवून दुसरं प्रूफ काढलं आणि बाबांना दिलं. त्यांनी लाल पेन मागितलं. चार ओळींत तीन चुका. कागद परत देताना मशीनकडे बघून म्हणाले, “छापतं छान हो तुझं इटालियन.”