साडेसाठ सेंटिमीटर

"सालमन म्हणजे आपला रावसच ना?"

कॅनडात आल्यापासून हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की उत्तर पाठ झालंय. नाही. मुंबईतल्या हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर रावसाला 'इंडियन सालमन' म्हणतात, तेवढाच काय तो संबंध. रावसाच्या गळ्याखाली मिशांसारखे चार-चार तंतू लोंबतात, तो पूर्ण वेगळ्या कुळातला. इथला पॅसिफिक सालमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो, आणि शेवटी वासावरून आपली नदी शोधत परत येऊन, अंडी घालून तिथेच मरतो. हे सगळं मी बाबांना फोनवर अनेकदा सांगितलं होतं. ते "बरां" म्हणायचे आणि पुढच्या फोनला पुन्हा रावसच म्हणायचे.

२०१८च्या उन्हाळ्यात आई-बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे, व्हँकुव्हर शहराजवळच्या सरेला आले होते. आई नातवंडांत रमली. बाबा खिडकीशी बसून समोरच्या रस्त्यावरच्या गाड्या बघायचे. तक्रार करणं त्यांच्या स्वभावात नाही, पण माणूस सुकत चाललेला कळतोच. मालवणात शाळामास्तर म्हणून आयुष्य काढलं, पण रविवार आला की गरी, दोरी आणि डब्यात कोलंबी घेऊन कोळंबच्या खाडीवर. सोबत माझा भाऊ. मी नाही. "पोरीक कित्या चिखलात?" असं म्हणून मला घरी ठेवायचे आणि दुपारी आणलेले मासे साफ करायला मात्र माझ्यापुढे टाकायचे. ते मला लागायचं. पस्तीस वर्षं लागत होतं, पण मी कधी बोलून दाखवलं नव्हतं. तेव्हा व्हँकुव्हर बेटावरच्या कॅम्बेल रिव्हर गावातली मासेमारीची बोट मी ठरवली ती दोघांसाठी, बाप आणि लेक. आईला आणि पोरांना सांगून टाकलं, तुम्ही नाही.

बेटावर जायचा दिवस फेरीबोटीत आणि पुढच्या हायवेवर गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

कॅम्बेल रिव्हर स्वतःला 'जगाची सालमन राजधानी' म्हणवतं. समोर क्वाड्रा बेट आणि मधे डिस्कव्हरी पॅसेज ही चिंचोळी सामुद्रधुनी. परत येणारे बरेच सालमन याच चिंचोळ्या वाटेने दक्षिणेकडच्या नद्यांकडे जातात, म्हणून हौशी मासेमारीसाठी लोक इथे येतात. थोडं उत्तरेला सेमूर नॅरोज. तिथे पाण्याखाली एक खडक होता, रिपल रॉक, त्याने कितीतरी जहाजं बुडवली. शेवटी ५ एप्रिल १९५८ला सुरुंग लावून त्याचा माथा उडवला.

शनिवारी ११ ऑगस्टला पहाटे पाच वाजता धक्क्यावर उभे असताना बाबांचा पहिला प्रश्न होता, "आज तिथ कितवी?" मी फोनवर कॅलेंडर काढलं. आषाढी अवस. म्हणजे घरी गटारी, आणि उद्यापासून श्रावण. "म्हणजे उधाण," बाबा म्हणाले, "पाण्याक जोर असतलो." आमच्या बोटीची कॅप्टन एक साठीची बाई होती, दंडावर उन्हाचे डाग, बोलणं मोजकं. मी तिला भाषांतर करून सांगितलं की माझ्या वडिलांनी चंद्रावरून आजचं पाणी ओळखलं. तिने बाबांकडे नीट बघितलं. मग खिशातलं भरती-ओहोटीचं पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं. दिवसभर ते त्यांच्याकडेच होतं.

एका गोष्टीने मात्र बाबा गोंधळले. भरती चढत होती आणि पाणी दक्षिणेकडे धावत होतं. कॅप्टनने बोटाने हवेत बेट काढून दाखवलं. भरती व्हँकुव्हर बेटाला दोन्ही टोकांनी वळसा घालून आत शिरते. इथे येते ती उत्तरेकडून, म्हणून भरतीचं पाणी दक्षिणेला जातं आणि ओहोटीचं उत्तरेला. बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "असां पण असता." सत्तराव्या वर्षी समुद्राबद्दल काहीतरी नवीन कळल्याचा तो आवाज होता.

बोट लहान, उघडी, कड बसकी. अवजारं बघून बाबा खूश झाले. दहा-बारा पौंडांचा शिशाचा गोळा पोलादी तारेवर खाली सोडतात, त्याला चिमट्याने आपली दोरी अडकवतात. मासा लागला की चिमटा सुटतो आणि मासा थेट दांडीवर येतो. आमिषाच्या पुढे एक चकचकीत पट्टी, ती पाण्यात गरगरते आणि दुसरा मासा खातोय असा भास होतो. मागे गुलाबी-हिरव्या झालरीचं प्लास्टिकचं आमिष. बाबांनी ते हातात घेऊन झालर बोटांनी पसरवली. "ह्यां तर म्हाकूल!" होतंच ते म्हाकूल, हुबेहूब.

गरी मात्र त्यांना पटेना. तिला उलटा काटा नव्हता. ब्रिटिश कोलंबिया या आमच्या प्रांतात सालमनसाठी बिनकाट्याचीच गरी लागते, म्हणजे सोडायचा झाला तर मासा फाटत नाही. "काट्याशिवाय मासो ऱ्हवतलो कसो?" दोरी एकदाही सैल सोडायची नाही, एवढंच त्याचं उत्तर.

क्वाड्राच्या दक्षिण टोकाला केप मजचं दीपगृह आहे. तिथे पाण्याखालच्या उतारावरून बोट हळू चालवत आम्ही तास-दीड तास फिरलो. थंडी हाडात शिरली होती. झाडावर टकल्या गरुडांची जोडी बसलेली. मग दांडीचं टोक एकदा खाली वाकलं, ताठ झालं, आणि पुन्हा वाकलं ते वाकलंच. बाबा उठून दांडीपाशी कधी पोचले ते मला कळलंच नाही. इकडच्या जुन्या पद्धतीच्या रिळाला ब्रेक नसतो. मासा पळाला की रिळाची मूठ उलटी भिरभिरते, आणि बोटं मधे आली की सोलून निघतात. इथले लोक त्याला नकलबस्टर म्हणतात. बाबांची दोन बोटं पहिल्याच झटक्याला फुटली. कॅप्टन पुढे आली, त्यांनी मान हलवून तिला थांबवलं आणि तळहाताची कड रिळाच्या पाळीवर टेकवून दोरीला दाब दिला. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. हातात दोरी धरून खाडीवर मोठा मासा थकवायचा तर असाच दाब द्यावा लागतो.

दहा मिनिटांनी मासा कडेला आला. पाठ निळसर हिरवी, त्यावर काळे ठिपके, पोट रुपेरी. कॅप्टनने रबरी जाळं पाण्यातच त्याच्याखाली धरलं, बाहेर उचललं नाही. तोंड उघडून हिरड्या दाखवल्या. काळ्या. शेपटीच्या दोन्ही पाकळ्यांवर ठिपके. चिनूक, पॅसिफिकमधल्या सालमनांतला सगळ्यात मोठा होणारा. कोहो ही सालमनची दुसरी जात असती तर हिरड्या पांढुरक्या असत्या आणि ठिपके फक्त वरच्या पाकळीवर.

जाळ्याच्या दांड्यावर सेंटिमीटरच्या खुणा होत्या. तिने मासा त्याला लावला, एकदा, मग पुन्हा.

साडेसाठ. चिनूक ठेवायचा तर किमान बासष्ट हवा.

मी बाबांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माशाकडे. "ह्यो सोडूचो?" त्यांच्या बोटांतून रक्त येत होतं. आयुष्यात त्यांनी बरीच लहान मासळी परत टाकली असेल, पण दोन किलोच्या वरचा, ताजा, स्वतः लढून आणलेला मासा? आमच्या घरात असा मासा आला की शेजारी वाटे जायचे. क्षणभर मलाच वाटलं की कॅप्टनला विचारावं, दीड सेंटिमीटर म्हणजे काय मोठंसं. ते माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, हे कबूल करते.

बाबांनीच विचारलं, "कित्या बासष्ट?" मी कॅप्टनला विचारलं. ती म्हणाली, इतका लहान चिनूक अजून नदीला गेलेला नसतो, त्याची अंडी व्हायची आहेत. बाबांनी मान हलवली. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या पाण्यात घालत नाहीत, त्यामागचं एक कारण हेच. त्यांना वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

मग त्यांनी एक मागितलं. सोडायचा तर मी सोडतो. कॅप्टन सहसा माशाला हात लावू देत नाही. तिने आधी त्यांचे दोन्ही हात पाण्यात भिजवायला लावले, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग लागतो. गरी एका हिसक्यात निघाली. बाबा कडेवर वाकले, मी मागून त्यांचं लाइफ जॅकेट धरलं. एक हात शेपटीच्या मुळाशी, एक पोटाखाली, तोंड प्रवाहाकडे. ऑगस्टातही ते पाणी हात बधिर करणारं होतं. मासा निपचित. कल्ले उघडत होते, मिटत होते, हळू. बाबांनी त्याला पुढे-मागे केलं नाही, दाबलं नाही, नुसतं धरून ठेवलं, पाणी तोंडातून कल्ल्यांकडे वाहू दिलं. एक मिनिट गेलं असेल, किंवा दोन. त्यांच्या फुटलेल्या बोटांतलं रक्त पाण्यात धाग्यासारखं जात होतं. मग शेपटी एकदा हलली. बाबांनी पकड सैल केली. मासा अजून क्षणभर त्यांच्या उघड्या तळव्यावर तसाच राहिला, आणि मग खाली गेला. हिरवं, मग काळं, मग काही नाही.

"जा," बाबा म्हणाले. "मोठो हो."

ते वर उठले तेव्हा हात लालबुंद झाले होते. मी माझ्या स्वेटरच्या बाह्यांत ते धरून ठेवले. माझ्या बापाचे हात मी शेवटचे कधी धरले होते ते मला आठवलं नाही.

दुसरा मासा तासाभराने लागला, एकाहत्तर सेंटिमीटर, तो ठेवला. कॅप्टनने लगेच बाबांच्या परवान्यावर शाईने नोंद करायला लावली, कल्ले कापून रक्त काढलं आणि मासा बर्फात पुरला. धक्क्यावर आलो तर शेजारच्या बोटीतले आठ-दहा लोक आपले मासे फळ्यांवर ओळीने मांडून फोटो काढत होते. आम्ही बर्फ भरला, सामान उतरवलं, कॉफी प्यायलो, तरी ते मासे उन्हातच. डोळे सुकून पांढरे झालेले. मला राग आला, अजूनही येतो. ज्याला मारलं त्याला निदान सावली तरी द्या. बाबा काही बोलले नाहीत, पण जाताना आमच्याकडचा उरलेला बर्फ त्यांनी त्या माशांवर ओतला आणि चालू लागले.

श्रावण लागायच्या आत मासा शिजायला हवा होता. खोलीत छोटं स्वयंपाकघर होतं आणि आईने आठवणीने तिरफळं बांधून दिली होती. मी रावसासारखं कालवण करायला घेतलं, बाबांनी थांबवलं. त्यांनी तुकडा बोटांत चोळला, तेल बघितलं. "रावस न्हय ह्यो. ह्येका बांगड्यासारखो कर." आणि तसाच तो जमला, ठेचलेली तिरफळं, कोकम, जाडसर वाटण, हळद. तेलकट मासा तिरफळ मागतो. त्यानंतर बाबांनी सालमनला कधीही रावस म्हटलं नाही.

पुढच्याच वर्षी, २०१९मध्ये, फ्रेझर नदीच्या चिनूकची संख्या घसरल्यामुळे इथले नियम बरेच कडक झाले, अनेक पाण्यांत जुलैच्या मध्यापर्यंत चिनूक ठेवायलाच बंदी आली. धंदा बुडाला म्हणून कॅप्टन लोक चिडले. त्यांचं पोट त्यावर आहे, त्यांचा राग मी समजू शकते. पण मी बंदीच्या बाजूने आहे.

रविवारी संध्याकाळी आम्ही टायी पूलवर गेलो. कॅम्बेल नदी समुद्राला मिळते तिथली ही जागा. टायी म्हणजे इथल्या जुन्या व्यापारी बोलीत सरदार, आणि तीस पौंड किंवा जास्त वजनाच्या चिनूकला टायी म्हणतात. १९२४ साली इथे टायी क्लब स्थापन झाला. क्लबचे नियम आजही तेच जुने आहेत. इंजिन नाही, होडी वल्ह्यांनीच चालवायची. वीस पौंडांपेक्षा जास्त ताण पेलणारी दोरी नाही. एकच बिनकाट्याची गरी, खरं आमिष नाही. या अटींवर टायी मिळाला तरच सभासद होता येतं. श्रावण लागला होता, पण बाबा म्हणाले, खायचा नाही, गरवायला काय हरकत.

वल्हवणारा तरुण मुलगा मधे बसला, आम्ही दोघं मागे. आजूबाजूला दहा-बारा होड्या आणि आवाज फक्त वल्ह्यांचा. सगळे हळू बोलत होते, देवळात बोलतात तसे. सूर्य बेटाच्या डोंगरांमागे गेला. बाबा म्हणाले, "कोळंबाक असांच वाटायचां." मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, "तुका न्हेलंय नाय कधी."

मी म्हटलं, "नाही नेलंत."

त्यांनी दांडी माझ्या हातात दिली. माझी तर्जनी धरून रिळाच्या पुढे दोरीवर टेकवली. "बोट हयसर ठेव. काय लागता?" सुरुवातीला काहीच नाही. मग कळलं. मागे वीसेक मीटरवर पाण्यात हलणाऱ्या आमिषाचे ठोके दोरीतून बोटात येत होते. ठक, ठक, ठक, नाडीसारखे. "ह्यां चालू हा तोवर आमिष बरोबर चलता," ते म्हणाले. "थांबलां की सांग."

कुठल्यातरी होडीवर कोणीतरी ओरडलं, एक दांडी वाकली, बाकीच्या होड्या वाट देत बाजूला झाल्या. अंधारात ती होडी किनाऱ्याकडे गेली. थोड्या वेळाने क्लबच्या घंटेचा आवाज आला. कोणाला तरी टायी मिळाला होता. बाबांनी मान वळवली नाही. त्यांचं लक्ष माझ्या बोटावर होतं.

ठोके थांबले.

"बाबा, थांबलं."

"मासो?"

मी बोट अजून घट्ट टेकवलं. ओढ होती, पण मेलेली. "नाही. काहीतरी अडकलंय."

"गुंडाळ."

मी गुंडाळलं. गरीला हातभर समुद्री गवत. बाबांनी ते काढून पाण्यात टाकलं, आमिष पँटला पुसलं, आणि दोरी पुन्हा माझ्याच हातात दिली.