तार्गा फ्लोरिओचा ७२ किलोमीटरचा वेढा: चेर्दाच्या पुढे जाणाऱ्यांसाठी

सिसिली बेटावरच्या तार्गा फ्लोरिओ या जुन्या मोटार शर्यतीच्या रस्त्याबद्दल ‘७२ किलोमीटरची तर फेरी, दीड तासात आटपेल, दुपारी समुद्रावर जा’ असं ज्याने कुणी सांगितलं, तो माणूस चेर्दाच्या, म्हणजे या वाटेवरच्या पहिल्या गावाच्या, पुढे गेलेलाच नाही. हॉटेलवाल्याने तेच सांगितलं, मोबाइलवरचा नकाशाही साधारण तेच म्हणत होता. सकाळी निघालेलो आम्ही खाली समुद्रकाठच्या बुओनफोर्नेल्लोला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि मधल्या बऱ्याच वाटेत गाडीत कुणी कुणाशी बोललं नव्हतं. तरीही जाच असं म्हणेन. फक्त पुढे काय वाढून ठेवलंय ते माहीत असू द्या.

ज्यांना ही शर्यत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हिन्चेन्झो फ्लोरिओ या पालेर्मोच्या गडगंज घरातल्या २३ वर्षांच्या तरुणाने १९०६ मध्ये सिसिलीच्या मादोनिये डोंगरात ही शर्यत सुरू केली. तेव्हाचा वेढा सुमारे १४८ किलोमीटरचा होता. त्याच्या तीन फेऱ्या मारायला पहिल्या विजेत्याला, आलेस्सांद्रो कान्योला, इताला गाडीत साडेनऊ तास लागले. पुढे वेढा लहान होत गेला आणि १९३२ पासून ७२ किलोमीटरवर आला. लोक आज जो शोधत जातात तो हाच. १९५५ साली ही शर्यत स्पोर्ट्स गाड्यांच्या जागतिक अजिंक्यपदात पहिल्यांदा मोजली गेली, १९७३ साली शेवटची. यासाठी वेगळा ट्रॅक कधी नव्हताच. गावागावातून जाणारे रोजचेच रस्ते शर्यतीच्या दिवशी बंद करायचे आणि गाड्या ठरावीक सेकंदांच्या अंतराने एकेक सोडायच्या. सराव मात्र चालू रहदारीत, बकऱ्या आणि ट्रॅक्टर चुकवत.

कामानिमित्त पोर्शेच्या गावी, श्टुटगार्टला राहणाऱ्या आम्हा पिंपरी-चिंचवडकरांच्या डोक्यात हे वेड शिरायला वेळ लागत नाही. पोर्शेने ही शर्यत अकरा वेळा जिंकली, हे तिथे कुणीही जेवणाच्या टेबलावर ऐकवतं. ते रस्ते आता कसे आहेत, हे कुणी ऐकवत नाही.

आधी गाडी, कारण तिथेच खिसा कापला जातो

आम्ही सगळ्यात लहान गाडी बुक केली होती. विमानतळावरच्या काउंटरवर सांगितलं गेलं की लहान गाडी शिल्लक नाही, मोठी एसयूव्ही घ्या, फरक भरा. वाद घातला. बुकिंगचा कागद दाखवला. वीस मिनिटांनी लहान गाडी ‘सापडली’. मग विम्याचं पालुपद सुरू झालं. त्यांचा ‘पूर्ण’ विमा घेतला तरी टायर, काच आणि गाडीचा तळ त्यात बहुतेक वेळा धरलेला नसतो, आणि या रस्त्यावर मार बसतो तो नेमका त्या तिघांनाच. अटी वाचल्याशिवाय सही करू नका. काउंटरवर दम देतात म्हणून तर मुळीच करू नका. क्रेडिट कार्डच न्या, डेबिट कार्डावर डिपॉझिट घ्यायला बरेच जण नकार देतात. भारतातून येणाऱ्यांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणावा.

गाडी ताब्यात घेताना चारही रिम, टायरच्या कडा आणि पुढचा बंपर खालून, असा सलग व्हिडिओ काढा. परत करताना आमच्या मागच्या उजव्या रिमवरच्या ओरखड्याचे पैसे मागितले गेले. ओरखडा आमच्या आधीचा होता आणि व्हिडिओत स्पष्ट दिसत होता, म्हणून ते मिटलं. पण ‘तपासणीचा खर्च’ म्हणून काही युरो कार्डावरून गेलेच, आणि ते अजून परत आलेले नाहीत. मला राग पैशाचा नाही. तो माणूस व्हिडिओ बघून हसला, त्याचा आहे.

लहान गाडी, मॅन्युअल, उंच चाक असेल तर उत्तम. लाल, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार भाड्याने घेऊन फोटो काढायचे बेत असतील तर ते पालेर्मोत पूर्ण करा. इथे ती गाडी पहिल्या खचलेल्या पट्ट्यावरच पोट टेकवेल. घाटात गाडी चालवायची सवय तुम्हाला आहे, असं मी धरून चालतो. नसेल तर हा रस्ता शिकायची जागा नाही.

दिशा आणि सुरुवात

शर्यत घड्याळाच्या उलट दिशेने होत असे. तुम्हीही तसेच जा: फ्लोरिओपोली, चेर्दा, काल्ताव्हुतूरो, कोलेसानो, काम्पोफेलिचे, बुओनफोर्नेल्लो आणि परत. उलटं गेलात तर सोपा, गुळगुळीत भाग सकाळी ताजेपणी संपतो आणि वाईट भाग दमल्यावर, मावळतीचं ऊन डोळ्यांवर घेत वाट्याला येतो.

फ्लोरिओपोली म्हणजे चेर्दाच्या अलीकडे, खाली रस्त्याला लागून असलेल्या प्रेक्षक-गॅलऱ्या आणि पिट, म्हणजे शर्यतीत गाड्या थांबवून दुरुस्त करायची जागा. इथे थांबाच. शनिवार-रविवारी मोटारसायकलवाल्यांची गर्दी असते. इथूनच १९७० साली लेओ किन्नुनेन पोर्शे ९०८/०३ घेऊन निघाला आणि अख्खा वेढा ३३ मिनिटं ३६ सेकंदांत मारून परत आला, म्हणजे ताशी १२८ किलोमीटरच्या वर सरासरी. गाडीचं वजन साडेपाचशे किलोच्या आसपास. तेवढ्या वेळात आम्ही पहिल्या खचलेल्या जागी गाडीतून उतरून, खालून कुठे लागेल का ते वाकून बघत होतो.

चेर्दा हे आर्टिचोकचं गाव आहे. चौकात आर्टिचोकचं भलंमोठं शिल्प आहे. फोटो काढा, कॉफी घ्या, शौचालय वापरा. पुढे बराच वेळ काही नाही.

चेर्दा ते काल्ताव्हुतूरो

हाच तो भाग. एसएस १२० नावाचा रस्ता. नाव राष्ट्रीय रस्त्याचं, अवस्था पाऊस संपल्यावरच्या वरंध घाटाची. अंतर पंचवीस-तीस किलोमीटर. डोंगर चिकणमातीचा आहे, तो पावसाळ्यात खाली सरकतो आणि रस्ता सोबत घेऊन जातो. आपल्याकडे दरड वरून येते, इथे पायाखालची जमीनच निघून जाते. डांबर लाटांसारखं उठलेलं, मध्येच अर्धी लेन एक वीत खाली, कडेला वाकलेला कठडा हवेत लोंबतोय. अशा जागी डांबराचा एक थर ओतून ‘दुरुस्ती’ केलेली असते. तो थर खालच्या जमिनीबरोबर पुन्हा खचलेला. खड्डा दिसतो तरी. ही लाट सावलीत दिसतच नाही, गाडी आपटल्यावर कळते.

मी ठामपणे सांगतो: ताशी तीसच्या वर जाऊ नका. रस्ता मोकळा दिसला की पाय आपोआप दाबला जातो आणि पुढच्याच वळणानंतर डांबर संपलेलं असतं. फाट्यांवर ‘रस्ता बंद’च्या पाट्या आहेत. त्यातल्या काही जुन्या, विसरलेल्या, काही खऱ्या. कोणती कुठली हे फक्त स्थानिकांना माहीत. आम्ही एका मेंढपाळाला खुणेने विचारलं, त्याने हाताने ‘जा, जा’ केलं आणि मग आमच्या गाडीच्या चाकांकडे बघून मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ पुढच्या तासाभरात नीट कळला. चेर्दातल्या बारमध्ये आजची स्थिती विचारून घ्या. नकाशावर विसंबू नका, त्याला हा रस्ता हिरवागार दिसतो.

सोबत्याचं म्हणणं होतं की मागे फिरू. मी ऐकलं नाही आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही, कारण ही शर्यत काय होती ते या पट्ट्यात कळतं, दुसरीकडे कुठेच नाही. वळण संपायच्या आत दुसरं सुरू होतं. एका फेरीत वळणं आठशेच्या वर मोजतात. एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला दरी, आणि त्या भिंतीवर पाय खाली सोडून माणसं बसलेली असायची. १९५५ साली स्टर्लिंग मॉसची मर्सिडीज ३०० एसएलआर रस्ता सोडून शेतात गेली. प्रेक्षकांनी ढकलून वर आणली आणि शेवटी पीटर कॉलिन्सबरोबर तो जिंकला. १९६८ साली व्हिक एल्फर्डने चाकाच्या भानगडीत सुरुवातीलाच अठरा मिनिटं घालवली, आणि तरी उंबेर्तो माल्योलीच्या साथीने पोर्शे ९०७ पहिली आणली. घरात बसून हे वाचताना ‘वा’ म्हणून आपण पुढे जातो. इथे दुसऱ्या गिअरमध्ये घाम पुसताना कळतं की अठरा मिनिटं भरून काढायची म्हणजे प्रत्येक आंधळ्या वळणावर पलीकडे काय आहे ते पाठ असायला हवं.

आणि पाठ होतं ते निनो वाक्कारेल्लाला. पालेर्मोचा माणूस, शाळा चालवायचा, लोक त्याला उडता मुख्याध्यापक म्हणायचे. तीनदा जिंकला: १९६५, १९७१ आणि १९७५. या भागातल्या भिंतींवर लोक त्याचा जयजयकार रंगवून ठेवत. याउलट हेल्मुट मार्को. १९७२ साली आल्फा रोमिओ घेऊन ३३ मिनिटं ४१ सेकंदांची फेरी मारली, १६.९ सेकंदांनी दुसरा आला आणि नंतर म्हणाला की ही शर्यत निव्वळ वेडेपणा आहे. त्या दिवशी संध्याकाळी मी पूर्ण मार्कोच्या बाजूचा होतो.

पुढचा भाग, भराभर

काल्ताव्हुतूरो कातळाखाली वसलेलं गाव आहे. इथे जेवा आणि एकच्या आत जेवायला बसा. दुपारी सगळं बंद होतं, म्हणजे खरोखरच बंद. शिल्लातोकडे उतरताना डोंगर अजून कच्चा आहे. इथेच एप्रिल २०१५ मध्ये जमीन सरकली, ए-१९ महामार्गाच्या हिमेरा पुलाचे खांब कलले आणि पालेर्मो-कातानिया वाहतूक तुटली. नवा पूल सुरू व्हायला २०२० उजाडलं. महामार्गाची ही गत, तर शेजारच्या गावरस्त्याबद्दल काय बोलायचं. इथेही आधी विचारूनच पुढे सरका.

कोलेसानोत शर्यतीचं छोटं संग्रहालय आहे. फोटो, हेल्मेट, कागदपत्रं. जायच्या आधी फोन करा, दुपारी गेलात तर कुलूप बघून परत याल. गावातला मुख्य रस्ता इतका चिंचोळा की समोरून डबा-व्हॅन आली तर एकाने मागे घ्यावंच लागतं. इथून ३१२ पीबी फेरारी गेली होती आणि १९७२ साली तीच मेर्झारिओ-मुनारीच्या हातात जिंकली, यावर विश्वास बसत नाही.

कोलेसानो ते काम्पोफेलिचे मात्र निव्वळ सुख. डांबर धड, वळणं लयीत, समोर खाली समुद्र. दुसरा गिअर, तिसरा, पुन्हा दुसरा. सकाळपासूनचा सगळा वैताग पंधरा मिनिटांत उतरला आणि सोबतीही बोलायला लागला. वेळ नसेल तर फक्त हा तुकडा दोनदा करा, असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही. वरचा मार खाल्ल्याशिवाय याची किंमत कळत नाही.

बुओनफोर्नेल्लोची सरळ रेषा, सुमारे सहा किलोमीटर, ही त्या काळी गाड्या पूर्ण ताकदीने पळवायची एकमेव जागा. आज तिथे ट्रक, शेतं आणि पेट्रोल पंप. थांबायची गरज नाही.

शर्यत का संपली याबद्दल गळे काढणारे पुष्कळ भेटतील. १९७७ साली एक गाडी रस्ता सोडून लोकांत घुसली, दोन प्रेक्षक गेले, चौथ्या फेरीवर शर्यत थांबवली आणि ती तशी पुन्हा कधी झाली नाही. तो रस्ता आणि त्या भिंती बघितल्यावर प्रश्न पडतो तो इतकी वर्षं चाललीच कशी याचा. आता याच नावाची रॅली होते, जुन्या गाड्यांचा मेळावाही होतो. त्या दिवसांत रस्ते बंद असतात, तारखा बघून जा.

पेट्रोल खालीच भरा आणि स्वतः भरायच्या पंपावर भरा. शेजारच्या ‘माणूस भरून देईल’ पंपावर लिटरला चांगलाच जास्त भाव लावतात आणि तो पुढे येऊन तुमच्या हातून नळी घ्यायला टपलेला असतो. पालेर्मो ते बुओनफोर्नेल्लो महामार्गाला टोल नाही. पालेर्मोच्या आणि चेफालूच्या जुन्या भागात परवान्याशिवाय गाडी घातली तर दंड थेट घरी येतो, गाडी बाहेर लावा. पाऊस झाल्यावर दोन दिवस डोंगरात जाऊ नका, ओली चिकणमाती रस्त्यावर आलेली असते. मुक्काम चेफालूत केला. छान आहे, समुद्र आहे, मासे आहेत.

मी पुन्हा गेलो तर चेर्दा ते काल्ताव्हुतूरो भाड्याच्या गाडीने नाही, सायकलने जाईन. सोबती म्हणतो, तो चेफालूतच थांबेल आणि संध्याकाळी मला घ्यायलाही येणार नाही.