तालुक्याच्या रुग्णालयात मॉर्फिन आणताना

मी तालुक्याच्या गावातल्या एका धर्मादाय रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. मुंबई-पुण्यात कॅन्सरचे उपचार घेऊन घरी परतलेले बरेच रुग्ण आमच्याकडे येतात. त्यातल्या अनेकांना आता फक्त दुखणं थांबायला हवं असतं. आम्ही त्यांना ट्रामाडॉल हे वेदनाशामक द्यायचो आणि तेही पुरेनासं झालं की शहराची वाट दाखवायचो. त्याहून तीव्र वेदनेवर मॉर्फिन लागतं, ते अफूपासून बनतं. त्याची गोळी शहरातही कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. ती कुठे मिळेल हे शोधण्यात आणि एसटीच्या फेऱ्यांत घरचा कमावता माणूस अडकायचा, आणि तोवर खाटेवरचा माणूस कण्हत पडायचा.

आपल्याकडेच मॉर्फिन ठेवू, असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "एनडीपीएसच्या भानगडीत कशाला पडायचं?" एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा. ही भीती उगाच आलेली नाही. १९८५च्या मूळ कायद्यात अशा बहुतेक गुन्ह्यांना किमान शिक्षाच दहा वर्षांची होती. त्यात प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आणि परवाने अनेक. एक परवाना हातात येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली असायची. कायदेशीर अफू आपल्याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात पिकते, तिच्यावर नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत प्रक्रिया होते, आणि आपलाच रुग्ण वेदनेने तळमळतो. मला याचा फार राग यायचा.

नियम वाचायला बसले तेव्हा कळलं की आपण जुन्याच भीतीवर चाललो आहोत. २०१४च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक मादक औषधं’ असा वेगळा गट केला. त्यात मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडिन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं आहेत. २०१५मध्ये त्यांचे नियम देशभर एकसारखे झाले. अनेक परवान्यांची गरज संपली. राज्याच्या औषध नियंत्रकाकडे, म्हणजे महाराष्ट्रात एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे), अर्ज करून ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ व्हायचं. ही मान्यता तीन वर्षांची असते.

अर्जाचा कागद फार मोठा नाही. कळीची गोष्ट म्हणजे वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर. मॅडम प्रशिक्षणाला गेल्या, तोवर मी बाकीची तयारी केली. भिंतीत पक्कं बसवलेलं लोखंडी कपाट, त्याला दोन कुलपं, एक किल्ली माझ्याकडे आणि दुसरी सिस्टरकडे. दोघी असल्याशिवाय कपाट उघडायचं नाही, हा आमचा घरचा नियम. रजिस्टरची मला धास्ती नव्हती. शेड्यूल एच-१, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांची यादी. तिचं रजिस्टर आपण सगळे फार्मासिस्ट १ मार्च २०१४पासून भरतोय. डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, नग, सगळं त्यात असतंच. मॉर्फिनचं त्याहून काटेकोर, एवढंच. आवक, जावक, शिल्लक, बॅच नंबर, सही. आकडा चुकला तर व्हाइटनर लावायचा नाही. एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला दोघींच्या सह्या. शिवाय वर्षाचा वापर आणि पुढच्या वर्षी किती लागेल याचा अंदाज कळवायचा.

आता देण्याचं सांगते, कारण खरं काम तिथे आहे. पहिल्यांदा मॉर्फिन द्यायची वेळ आली ती एका शेतकरी आजोबांसाठी. कॅन्सर मणक्यात उतरलेला. त्यांचा मुलगा चिठ्ठी घेऊन खिडकीशी आला. मॅडमनी दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या दर चार तासांनी आणि झोपताना दुप्पट, असं लिहिलं होतं. रात्री उठायला लागू नये म्हणून ही दुप्पट मात्रा. मी स्ट्रिपा खिडकीवर मांडल्या, त्याच्यासमोर मोजल्या, पाकिटावर वेळा लिहिल्या. त्याने हळूच विचारलं, "ताई, याची सवय लागंल का हो बापाला?"

मी खिडकीतून बाहेर आले आणि त्याच्या शेजारी बसले. म्हटलं, "दादा, डॉक्टरांनी सांगितली तेवढीच आणि वेळेवर दिली, तर व्यसन लागायची भीती फार थोडी. दुखायची वाट बघत बसू नका, घड्याळ बघून द्या. शौचाला मात्र नक्की घट्ट होणार, म्हणून ही दुसरी गोळी रोज रात्री द्यायची, विसरायची नाही. जास्त गुंगी वाटली, श्वास मंद झाला, तर लगेच फोन करा." गोळ्या कुलपात ठेवायच्या, नातवंडांच्या हाताला लागू द्यायच्या नाहीत, चिठ्ठीची प्रत सोबत असू द्यायची, हेही सांगितलं. त्याने सगळं वहीत उतरवून घेतलं. पुढच्या खेपेला म्हणाला, "आबा रात्री झोपले. आईपण झोपली."

ड्रग इन्स्पेक्टर तपासणीला येतात तेव्हा कपाटातल्या गोळ्या मोजतात, रजिस्टरशी ताळा करतात. ताळा जुळला की काम झालं. हिशेब चोख असेल तर या नियमांनी कोणाला त्रास होत नाही, असं माझं ठाम मत आहे. उलट रजिस्टरमुळेच मला शांत झोप लागते.

रुग्ण गेल्यावर उरलेल्या गोळ्या आम्ही परत मागवतो. कुणी दिवसकार्य आटोपल्यावर आणून देतं, कुणाला आठवण करावी लागते. त्या दुसऱ्या रुग्णाला देत नाही. वेगळ्या पानावर नोंद करून दोघींच्या सह्यांनिशी बाजूला ठेवतो आणि रीतसर नष्ट करतो.

शेजारच्या तालुक्यातल्या एका रुग्णालयाचे फार्मासिस्ट मध्यंतरी आमचं रजिस्टर बघायला आले होते. त्यांना मी एवढंच सांगितलं, कपाट नंतर घ्या, आधी तुमच्या एका डॉक्टरांना प्रशिक्षणाला पाठवा.