टायरची हवा काढता काढता सडा समजावताना

एप्रिलात सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर, उभं राहिलेला पाहुणा हमखास विचारतो, ‘हांगा फातर सोडून कितें आसा?’ (इथे दगड सोडून काय आहे?) काळा पडलेला जांभा, झाड नाही, सावली नाही. गाडी घातली म्हणून काय बिघडणार? गोव्यात ऑफ-रोड ट्रॅक चालवणाऱ्याला पहिलं उत्तर या प्रश्नाचं द्यावं लागतं. त्याच कातळावर पावसाळ्यात सीतेची आसवे, गेंद आणि दवबिंदू ही रानफुलं फुलतात, आणि चिखलाचे शौकीनही नेमके तेव्हाच येतात.

ट्रॅक अस्पर्श सड्यावर आखूच नये. रीतसर परवानगी घेऊन बंद पडलेली चिरेखाण (जांभ्याचे चिरे काढलेली खाण) वापरावी. तिथला वरचा थर आधीच गेलेला असतो, चढउतारही आयते मिळतात. मात्र भिजलेल्या कडा ढासळतात आणि पाण्याने भरलेल्या खाणीची खोली वरून कळत नाही, तेव्हा दोन्हींपासून दूरच राहायचं.

सड्याची ही माहिती पाहुण्यांना कधी सांगायची? टायरची हवा कमी करताना. ३२ पीएसआयवरून २० वर येईपर्यंत सगळे गाडीभोवती उभे असतात, इंजिन बंद असतं. हवा का काढतो, तेच सांगायचं: टायर जमिनीवर जास्त टेकतो, पकड वाढते, चाक जागच्या जागी गरगरत नाही. नुकसान गरगरणारं चाकच जास्त करतं. सड्यावर माती जेमतेम काही सेंटिमीटर असते, ती एका झटक्यात उपटली जाते. वर चाकोरी पडली की साचलेलं उथळ पाणी तिच्यातून वाहून जातं आणि आजूबाजूची ओल संपते. (१५च्या खाली जाऊ नये, जांभ्याच्या धारदार कडेने टायरची बगल फाटते.)

मग छोटा प्रयोग. तळाला भोकं असलेल्या दोन सारख्या कुंड्या, त्यांत ट्रॅकवरचीच माती. एकीतली सैल, दुसरीतली ठोकून दाबलेली. दोन्हींत अर्धा लिटर पाणी ओता. सैल मातीतून ते उतरतं, दाबलेलीवर तुंबून राहतं. माती आधी ओलसर करून ठेवा; कोरडी धूळ सुरुवातीला पाणी घेतच नाही आणि लोकांसमोर प्रयोग फसतो.

दवबिंदू उपटून हातात द्यायचा नाही, वाकून भिंगातून बघायला लावायचं. माती निकस, म्हणून ही वनस्पती चिकट केसांनी किडे पकडते, एवढं पुरे. लॅटिन नावांची यादी कोणी ऐकत नाही. उन्हाळ्यात दाखवायला फूल नसतं, म्हणून एकाच जागेचे एप्रिल आणि ऑगस्टचे फोटो हवेत. दगडावर रंगाची खूण करून दोन्ही वेळा तिथूनच काढावेत, नाहीतर जागा वेगळी आहे असा संशय येतो.

फलक गाड्या रांगेत थांबतात तिथेच लावावा, कमरेएवढा, तिरका. मजकूर चाळीसेक शब्दांचा, मराठी-कोंकणीत, अक्षर मोठं. फ्लेक्स आपल्या पावसात आणि उन्हात टिकत नाही. पत्र्यावर रंगवून घेतलेला बरा.

परतताना टायरच्या खाचा आणि मडगार्डची आतली बाजू ब्रशने धुवायची, कारण चिखलातून रानमोडी या पसरणाऱ्या तणाचं बी पुढच्या सड्यावर जातं. ते पाणी शोषखड्ड्यात सोडा, ओहोळात नको. आणि वाटेवर टाच दाबल्यावर खड्ड्यात लगेच पाणी भरलं, तर त्या दिवशी फाटक उघडू नका, मग बुकिंग कितीही असो.