दोन क्रेडिटची विहीर

ओपन इलेक्टिव्हची, म्हणजे विद्याशाखेबाहेरच्या निवडीच्या विषयांची, बैठक साडेअकराला होती आणि सव्वाअकरालाच सगळे विभागप्रमुख येऊन बसले होते. एरवी आमच्याकडे बैठक म्हटली की चहा येईपर्यंत कोरम भरत नाही. त्या दिवशी मात्र प्रत्येकाच्या हातात फाइल होती आणि चेहऱ्यावर सोयरीक मोडायला आल्यासारखा भाव.

आमचं कॉलेज मराठवाड्यातलं, अनुदानित, आता स्वायत्त. स्वायत्त म्हणजे पदवी विद्यापीठाची, अभ्यासक्रम आपला. प्रत्येक विषयाचं एक अभ्यास मंडळ असतं. त्यात विभागप्रमुख अध्यक्ष, विभागातली माणसं, बाहेरच्या विद्यापीठांतले दोन तज्ज्ञ, कुलगुरूंनी नेमलेला एक, उद्योगाकडचा एक आणि एक माजी विद्यार्थी. मंडळाने केलेला मसुदा विद्या परिषदेत जातो आणि तिथे मंजूर होतो. मी भूगोलाचा. ओपन इलेक्टिव्हच्या समितीचं समन्वयकपद माझ्याकडे आलं ते केवळ बाकीच्यांनी आधीच नाही म्हटलं होतं म्हणून.

२० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने पदवीची सगळी मांडणी बदलली. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा विषय, कौशल्याचे विषय, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली, आणि त्यातच ओपन इलेक्टिव्ह. विद्यार्थ्याने आपल्या विद्याशाखेबाहेरचं काहीतरी शिकायचं, पदवीभरात दहा-बारा क्रेडिटचं. एक क्रेडिट म्हणजे सत्रात थिअरीचे पंधरा तास. कल्पना जुनीच आहे. विज्ञानाच्या पोराला थोडा समाज कळावा आणि कलेच्या पोराला थोडं विज्ञान, असं १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगानेही म्हणून ठेवलं होतं. आमच्या टाइमटेबलात ते यायला पाऊणशे वर्षं लागली, आणि आलं तेव्हा त्याच्याकडे कुणी त्या नजरेने पाहत नव्हतं.

पाहत होते ते वर्कलोड म्हणून. आधीच्या रचनेत बीएस्सीच्या पोराला तीन विषय सारख्या वजनाचे असत. बीएचंही तसंच. त्यामुळे ज्याला पुढे कुणी विचारत नाही अशा विभागालाही तासिका मिळत. आता मेजरच बहुतेक तास घेऊन जातं. मेजर म्हणून ज्याला कुणी निवडत नाही त्या विभागाने काय करायचं? सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास दाखवावे लागतात. ते भरले नाहीत तर माणूस अतिरिक्त ठरण्याची भीती, आणि सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, येणाऱ्या पोरांची तर ऑर्डरच निघत नाही. आमच्याकडे सीएचबीवर शिकवणारी काही मंडळी पस्तिशी ओलांडलेली आहेत, लग्नं रखडलेली आहेत. त्यामुळे फाइल घेऊन वेळेआधी आलेल्यांना मी हसलो नाही.

प्रस्ताव वीसच्या वर होते. रसायनशास्त्राचं 'दैनंदिन जीवनातील रसायने', वाणिज्यचं 'वैयक्तिक अर्थनियोजन', हिंदीचं 'अनुवाद कौशल्य', मराठीचं 'स्पर्धा परीक्षांसाठी मराठी', संख्याशास्त्राचं काहीतरी, ज्याचं नाव इतकं अवघड होतं की ते कुणी घेणार नाही हे नाव ठेवणाऱ्यालाही माहीत असावं. खोल्या मात्र मोजक्या, कारण ओपन इलेक्टिव्ह सगळ्या प्रथम वर्षाला एकाच वेळी ठेवावं लागतं. म्हणजे निम्मे प्रस्ताव गळणार होते.

आमचा प्रस्ताव होता 'मराठवाड्याचं पाणी', दोन क्रेडिट. आता जी पोरं प्रथम वर्षाला येतात ती २०१६ च्या उन्हाळ्यात प्राथमिक शाळेत होती. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, टाक्यांभोवती जमावबंदी लागली, ते त्यांना आठवतं ते घागरीच्या रांगेत उभं राहिल्यामुळे. पण जायकवाडीत १५ ऑक्टोबरला ६५ टक्के साठा नसेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे मेंढेगिरी समितीचं सूत्र त्यांनी ऐकलेलं नसतं. साठ मीटरच्या खाली शेतीसाठी बोअर घ्यायला भूजल कायद्याने मनाई आहे हेही नाही. गावात सातशे-आठशे फूट जाणारी गाडी मात्र त्यांनी रात्ररात्र जागून पाहिलेली असते. ही दोन टोकं एकत्र आणायची, एवढाच आमचा विचार.

पहिली हरकत आली ती मला अपेक्षितच होती. आमच्या एका ज्येष्ठ सरांनी चष्मा काढून विचारलं, "पर्यावरणाचं काय झालं ते विसरलात का?"

विसरायला कुणालाच जमलं नसतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षणाबद्दल आदेश दिला, २००३ मध्ये पुन्हा बजावलं, मग यूजीसीचा सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम देशभर सगळ्या पदवीला लागला. त्यात क्षेत्रभेट होती, प्रकल्प होता. आमच्या गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तो प्रकल्प तयार मिळायचा. मुखपृष्ठावर नाव तेवढं घालायचं. 'गोदावरी नदीचे प्रदूषण' या विषयाच्या गठ्ठ्यात प्रत्येक फाइलीत तोच घाट, तोच निर्माल्याचा ढीग, आणि फोटोच्या कोपऱ्यात त्याच बाईची हिरवी साडी. आम्ही सगळ्यांनी त्या फाइलींवर सह्या केल्या आहेत. तेव्हा ज्येष्ठ सरांचं म्हणणं खोटं नव्हतं. सगळ्यांसाठीचा विषय म्हणजे कुणाचाच नसलेला विषय, हे आमच्या हाडीमाशी मुरलेलं आहे.

दुसरी हरकत आली ती ऐकून मात्र मी गारच पडलो. विद्यापीठाचे प्रतिनिधी शांतपणे म्हणाले, "भूगोल तुमच्याकडे कोणत्या विद्याशाखेत आहे?"

"कला."

"मग बीएची मुलं हा कोर्स घेऊ शकत नाहीत. ओपन इलेक्टिव्ह विद्याशाखेबाहेरचं हवं."

आमच्या बीएला येणारी बहुतेक पोरं कोरडवाहू गावांतली. टँकरचं पाणी प्यालेली तीच. आणि पाण्याचा कोर्स घेता येणार शहरातल्या बीकॉमच्या आणि नीटला नंबर न लागलेल्या बीएस्सीच्या पोरांना! नियम चुकीचा होता असंही म्हणवत नाही. तो नसता तर बीएच्या पोरांनी बीएचेच सोपे पेपर घेतले असते आणि आम्हीच त्यांना तसं सुचवलं असतं.

वनस्पतिशास्त्राच्या हेड मॅडम म्हणाल्या, कोर्स आमच्याकडे द्या, विज्ञानाचा होईल. वनस्पतिशास्त्राला यंदा मेजरला मोजून चार पोरं मिळाली होती, हे सगळ्यांना ठाऊक. लगेच अर्थशास्त्राचे हेड म्हणाले की उसाला आणि तुरीला लागणारं पाणी हा आमचा भाग आहे. राज्यशास्त्राने जायकवाडीचा वाद मागितला. पंधरा मिनिटांत आमच्या चार युनिटच्या कोर्सचे चार वाटे झाले आणि प्रत्येक वाट्यापुढे तासांचा आकडा पडला. जमिनीची वाटणी होते तशीच, बांधाबांधाने. मी काही बोललो नाही. खरं सांगायचं तर वाटणी वाईट नव्हती. आम्ही एकट्यांनी केला असता तर जायकवाडीचं राजकारण दोन ओळींत उरकलं असतं.

आमच्या अभ्यास मंडळावर माजी विद्यार्थी म्हणून एक मुलगी आहे. मुलगी म्हणतो, पण एमए होऊन तिला बरीच वर्षं झाली. ती एका संस्थेबरोबर गावोगाव पाण्याचा ताळेबंद करते. सकाळी आमच्या मंडळाची बैठक होती म्हणून आली होती आणि प्राचार्यांनी तिला थांबवून घेतलं होतं. वर्गात मी तिला अरेतुरे केलेलं. इथे इतिवृत्तासाठी मॅडम म्हणावं लागत होतं. ती मात्र सरच म्हणत होती आणि मागच्या खुर्चीवर अंग चोरून बसली होती.

"सर, एक बोलू का?" ती उठलीच. "पहिल्या युनिटमधलं 'अर्थ, व्याख्या, स्वरूप व व्याप्ती' काढून टाका. पाणी म्हणजे काय ते लेकरांना माहिताय. त्यांना विहीर मोजायला शिकवा."

"विहीर मोजायची म्हणजे?" वाणिज्यचे सर.

तिने पर्समधून टेप काढला. पिवळा, कडेला मातीचे थर वाळलेले, टोकाला लोखंडी नट बांधलेला. मग तिने टेबलाच्या कडेवरून तो खाली सोडून दाखवला. मोटर बंद करून तास-दोन तास जाऊ द्यायचे, नाहीतर उपशानंतरची खोटी पातळी येते. टेपच्या शेवटच्या हातभर भागाला खडू चोळायचा, म्हणजे पाण्यात किती बुडाला ते भिजलेल्या खुणेवरून कळतं. काठावरचं रीडिंग घ्यायचं, त्यातून भिजलेला भाग वजा करायचा. "आणि कठड्याची उंची वजा करायला विसरायचं नाही. सगळे तिथेच चुकतात. कठडा अडीच फुटांचा असतो, आणि मग गावाचं पाणी कागदावर अडीच फूट खाली जातं."

पर्यावरणाची आठवण काढणारे ज्येष्ठ सर पुढे झुकून बघत होते. ते म्हणाले, "याची फाइल झेरॉक्सवाल्याकडे मिळायची नाही." ती म्हणाली, मिळाली तरी पकडता येते सर, शेजारच्या विहिरीशी ताडून बघितलं की. भूजल सर्वेक्षणवाले निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतात, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. जानेवारी आणि मार्च दुसऱ्या सत्रात येतात, म्हणून कोर्स दुसऱ्या सत्रात ठेवा. अभ्यासक्रम कोणत्या सत्रात ठेवायचा हे आमच्याकडे कायम कुठली खोली रिकामी आहे त्यावर ठरत आलं आहे. जमिनीखालचं पाणी बघून ठरवायची सूचना मी पहिल्यांदा ऐकली.

तरी तेवढ्याने काही झालं नसतं. मुली शेतात न्यायच्या तर पालकांची संमतीपत्रं, गाडीचं भाडं, कुणी विहिरीत डोकावताना पडलं तर जबाबदार कोण, असं सुरू झालं होतं. कॉलेजच्या मागेच दोन विहिरी आहेत असं सांगूनही कुजबुज थांबेना. तेव्हा संख्याशास्त्राचे सर, जे तोवर एक शब्द बोलले नव्हते, त्यांनी अजेंड्याच्या मागे आकडेमोड केली आणि ती मोठ्याने वाचली. दोन क्रेडिट नुसते थिअरीचे ठेवले तर तीस तास, म्हणजे आठवड्याला दोन. एक क्रेडिट थिअरी आणि एक प्रात्यक्षिक केलं तर थिअरीचे पंधरा तास आणि प्रात्यक्षिकाचे तीस. साठ पोरांच्या वीस-वीसच्या तीन बॅच. आठवड्याला थिअरीचा एक अधिक प्रत्येक बॅचचे दोन असे सहा, सात तास.

सभागृहात क्षणभर कुणी बोललं नाही. मग सगळेच बोलले. क्षेत्रकार्याचं महत्त्व किती आहे यावर मी त्या अर्ध्या तासात जेवढं ऐकलं तेवढं भूगोलाच्या परिषदांतही ऐकलेलं नाही. संमतीपत्राचा नमुना वाणिज्यच्या सरांनीच तयार करतो म्हणून सांगितलं. वाटणीतले सगळे विभाग आता विहिरीवर यायला तयार होते. पर्जन्यमानाची आकडेवारी मांडायची तर आम्ही लागतोच की, म्हणून संख्याशास्त्रही आलं.

मला त्यात वाईट वाटलं नाही. टेपची सूचना त्या मुलीच्या अनुभवातून आली आणि मंजूर झाली ती तासांच्या हिशेबाने. नुसत्या अनुभवावर ती इतिवृत्तात 'नोंद घेण्यात आली' एवढ्यावर थांबली असती. 'नोंद घेण्यात आली' म्हणजे काय हे समितीत बसणाऱ्यांना सांगायला नको.

विद्याशाखेचा तिढा विद्यापीठाच्या प्रतिनिधींनीच सोडवला. एकच कोर्स, दोन कोड. भूगोलाच्या कोडखाली बीएस्सी-बीकॉमला, वनस्पतिशास्त्राच्या कोडखाली बीएला. असं चालतं का, असं मी हळूच विचारलं. ते म्हणाले, नियमात बसतंय ना, मग चालतं. जाताना त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. १९५८ मध्ये इथे विद्यापीठ झालं त्याआधी मराठवाड्यातली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानियाला जोडलेली असायची. इथल्या पोराने काय शिकायचं ते तिकडे ठरायचं. "आता तुम्ही इथे बसून ठरवताय," असं म्हणून ते गाडीत बसले. कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून उलगडलेलं नाही.

इतिवृत्तात मी लिहिलं, 'सखोल चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.' दुसरं काय लिहिणार?

पोरांनी गूगल फॉर्म भरला तेव्हा सगळ्यात जास्त पसंती अर्थनियोजनाला आणि स्पर्धा परीक्षांच्या मराठीला मिळाली. पाण्याच्या कोर्सला दोन्ही कोड मिळून तीन बॅच होतील इतकी पोरं आली, त्यातली बरीच पहिली पसंती भरून गेल्यामुळे. चार विभागांनी चार प्रकारे शिकवलं. राज्यशास्त्राचे सर रंगात आले की त्यांचे तास संपता संपत नव्हते, आणि जानेवारीतलं पहिलं मोजमाप निम्म्या पोरांनी कठडा वजा न करताच लिहून आणलं.

मार्चमध्ये एक मुलगी टेप परत करायला आली. त्यांच्या गावातल्या विहिरी फेब्रुवारीतच कोरड्या पडल्या होत्या. सगळं पाणी बोअरचं. "बोअरमध्ये टेप जात नाही सर, पंपाच्या पाइपात अडकतो. मग आमच्या गावाचं पाणी कसं मोजायचं?" त्यासाठी पाण्याला टेकलं की आवाज देणारं एक यंत्र मिळतं, ते घ्यावं लागेल. मी अर्ज केला. प्राचार्यांनी शेरा मारून तो खरेदी समितीकडे पाठवलाय. तीन कोटेशन मागितली आहेत, दोन आली आहेत, आणि तिसऱ्यासाठी वनस्पतिशास्त्राच्या मॅडम लातूरच्या एका दुकानदाराच्या मागे लागल्या आहेत.