स्क्रीन ठेवायची कुठे?

जाहिरातीतला स्मार्ट डिस्प्ले, म्हणजे तोंडाने सांगितलेलं ऐकणारी, वाय-फायवर चालणारी छोटी स्क्रीन, नेहमी एका रिकाम्या, पांढऱ्याशुभ्र टेबलावर उभा असतो. शेजारी छोटी कुंडी, मागे उन्हाची तिरीप, आणि वायर मुळी नाहीच. आपल्याकडे असं टेबल नसतं. असलंच तर त्यावर चार्जर, चष्म्याचं घर, गोळ्यांचा डबा आणि भरायचं राहिलेलं लाईटबिल असतं. म्हणून ॲमेझॉनचा एको शो की गुगलचा नेस्ट हब यावर घरात दोन तट पडण्याआधी एवढंच ठरवावं, की तो ठेवायचा कुठे. जागा पक्की झाली की निम्मी निवड झालेलीच असते. प्रोसेसर, पिक्सेल, मेगापिक्सेल यांचे तक्ते बघत बसायला मग फारसं कारण उरत नाही.

जागा ठरवायला पुठ्ठा आणि कात्री पुरे. साडेपाच इंची एको शो ५ साधारण १५ सेंटिमीटर रुंद आणि साडेआठ उंच. सात इंची नेस्ट हब १८ बाय १२. आठ इंची एको शो ८ हा २० बाय साडेतेरा, आणि त्याची बूड चांगली १० सेंटिमीटर खोल. या मापांचे तुकडे कापून ठरलेल्या जागी दोन दिवस टेकवून ठेवावेत. डब्याचं झाकण काढताना कोपर कशाला लागतं, कुकर कुठे उतरवला जातो, खिडकीचं ऊन कुठवर येतं, हे पुठ्ठा फुकटात सांगतो. एक गोष्ट मात्र पुठ्ठा सांगत नाही. या सगळ्या स्क्रीन मागे कललेल्या असतात, म्हणजे वरून खाली बघणाऱ्यासाठी बनवलेल्या. ओट्यावर किंवा साईड टेबलावर त्या नीट दिसतात. फ्रिजवर किंवा उंच फळीवर ठेवल्या, की स्क्रीनला छत दिसतं आणि आपल्याला स्क्रीनमध्ये ट्यूबलाईट.

आकाराबद्दल सरळच सांगायचं तर साडेपाच इंच हे हाताच्या अंतरावरचं घड्याळ आहे. पलंगाशेजारी उत्तम, स्वयंपाकघरात अपुरं. कणकेचे हात घेऊन दीड-दोन मीटरवरून टायमरचा आकडा वाचायचा असेल तर सात-आठ इंच हवेत. दहा इंचांना ओट्यावर जागा नसते. १५.६ इंची एको शो १५ भिंतीवर लावायचा असतो, आणि जाहिरातीतून गायब असलेली वायर तिथे भिंतीवर लोंबताना दिसते. प्लास्टरमध्ये पाईप टाकून, फ्रेमच्या बरोबर मागे प्लगपॉईंट काढायची तयारी असेल तरच त्या वाटेला जावं. तेही रंगकाम निघालेलं असताना.

बहुतेक घरांत शेवटी जागा ठरते ती ओट्याचीच. तिथले नियम वेगळे. शेगडीपासून किमान दोन-तीन फूट लांब, आणि फोडणीची वाफ ज्या बाजूला जाते तिच्या उलट बाजूला. वायर जेमतेम दीड मीटरची, ती शेगडीमागून किंवा सिंकवरून ओढायची नाही. ओट्यावरचा प्लगपॉईंट बहुधा मिक्सरच्या मालकीचा असतो आणि अडॅप्टर इतका जाड, की शेजारचा सॉकेटही तोच अडवतो. एक्स्टेंशन बोर्ड लावणारच असाल तर तो ओट्यावर न ठेवता भिंतीला स्क्रूने बसवावा, कारण ओटा पुसताना पाणी तिकडेच वळतं. मायक्रोफोनची बारीक छिद्रं चौकटीच्या वरच्या भागात असतात. त्यांत पिठाची भुकटी आणि तेलाचा थर बसला की डिस्प्ले हळूहळू बहिरा होत जातो आणि घरचे मात्र अलेक्सा (एको शोमधून बोलणारी ॲमेझॉनची मदतनीस) बिघडली म्हणतात. महिन्यातून एकदा प्लग काढून कोरड्या, मऊ ब्रशने छिद्रं झाडावीत. स्क्रीन किंचित ओलसर मायक्रोफायबर कापडाने पुसावी, काचेवरचा स्प्रे थेट मारू नये. आणि रंग निवडताना हळदीचा विचार आधी करावा. नेस्ट हबच्या बुडाला आणि एको शो ८ च्या पाठीला कापड आहे. पांढऱ्या कापडावर पडलेला हळदीचा डाग त्या वस्तूपेक्षा जास्त टिकतो. स्वयंपाकघरासाठी काळा, दुसरा विचारच नको.

ओल्या, तेलकट बोटांना टचस्क्रीन नीट दाद देत नाही. इथे २०२१ च्या दुसऱ्या पिढीच्या नेस्ट हबची बाजू वरचढ आहे. त्यात सोली नावाचा छोटा रडार आहे, त्यामुळे समोरच्या हवेतच टिचकी मारल्यासारखा हात केला की व्हिडिओ थांबतो, आणि हात हलवला की वाजणारा टायमर गप्प होतो. पहिल्या पिढीत हे नाही. दोन्ही दिसायला सारखेच, म्हणून जुना माल किंवा सेकंडहँड घेताना पिढी विचारून घ्यावी.

टायमर हाच या यंत्राचा खरा उपयोग, बाकी सगळं वरची कोथिंबीर. दोघेही एका वेळी अनेक टायमर लावतात आणि त्यांना नावंही देता येतात: भाताचा बारा मिनिटांचा, रव्याचा सहाचा. फक्त आपला स्वयंपाक मिनिटांवर चालत नाही, शिट्ट्यांवर चालतो, आणि शिट्ट्या मोजायला यातलं एकही यंत्र शिकून आलेलं नाही. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून तेव्हापासून मिनिटं लावायची, हा तह बरा. मिक्सर चालू असताना मात्र हाका मारू नयेत. चटणी वाटताना दोघांनाही काही ऐकू येत नाही आणि आपण मात्र दर हाकेला आवाज चढवत जातो.

आता भाषा. अलेक्सा सप्टेंबर २०१९ मध्ये हिंदी बोलू लागली, आणि पाठोपाठ हिंदी-इंग्रजी दोन्ही एकत्र ऐकायची सोय आली. गुगलचंही हिंदी-इंग्रजी एकत्र चालतं. मराठीची गंमत अशी, की फोनवरच्या गुगल असिस्टंटला (गुगलच्या बोलक्या मदतनिसाला) मराठी येतं, पण त्याच कंपनीच्या ओट्यावरच्या डब्याला येत नाही. मराठी गाण्याचं नाव इंग्रजी समजणाऱ्या यंत्राला सांगितलं की ते जवळपासचा काहीतरी हिंदी शब्द पकडून भलतंच गाणं लावतं. यावर उपाय उच्चार सुधारण्याचा नाही. म्युझिक ॲपमध्ये हवी ती भजनं एका प्लेलिस्टमध्ये घालावीत. मग अलेक्सा ॲपमध्ये ‘मोअर’मधून ‘रूटीन्स’ उघडून नवं रूटीन, म्हणजे एका वाक्यावर होणारं ठरलेलं काम, तयार करावं, त्याला ‘गुड मॉर्निंग’सारखं चुकायला वावच नसलेलं वाक्य द्यावं आणि कृतीत ती प्लेलिस्ट जोडावी. गुगल होममध्येही याच धर्तीवर रूटीन होतं. आजीला दोन इंग्रजी शब्द पाठ करावे लागतात, पण रोज सकाळी यंत्राशी वाद घालण्यापेक्षा ते स्वस्त.

२०१९ च्या पावसाळ्यात हे दोघे महिन्याभराच्या अंतराने आपल्या बाजारात उतरले. एको शो ५ जुलैमध्ये ८,९९९ रुपयांना, नेस्ट हब ऑगस्टमध्ये ९,९९९ ला. हजार रुपयांच्या फरकात खरा फरक होता यूट्यूबचा. सप्टेंबर २०१७ मध्ये गुगलने एको शोवरून यूट्यूब काढून घेतलं होतं. दोन कंपन्यांच्या भांडणात ग्राहकाच्या ओट्यावरचा व्हिडिओ बंद पडला. पुढे एको शोला ब्राउझर मिळाला आणि यूट्यूब त्यातून मागच्या दाराने परत आलं, पण ‘जरा मागे घे’, ‘पुढचा लाव’ असं तोंडाने सांगून नेस्ट हब जितकं सहज ऐकतो, तितकं ब्राउझरमध्ये जमत नाही. घरात पाककृतींपासून कीर्तनापर्यंत सगळं यूट्यूबवर बघितलं जात असेल तर नेस्ट हब घ्यावा. घराचा दिनक्रम प्राईम व्हिडिओ आणि ॲमेझॉनच्या खात्यावर चालत असेल तर एको शो. घरातले फोटो आधीच गुगल फोटोजमध्ये साठत असतील तर पुन्हा नेस्ट हब. उभे फोटो दोन-दोन शेजारी मांडतो आणि खोलीतल्या उजेडाप्रमाणे स्क्रीनचा रंग इतका बेमालूम बदलतो, की रात्री तो खरंच फ्रेम केलेला फोटो वाटतो. एको शोच्या होमस्क्रीनवर मात्र फोटोंच्या मध्येच पाककृती, बातम्या आणि खरेदीच्या सूचना डोकावतात. वरून खाली स्वाईप करून सेटिंग्जमधल्या ‘होम कंटेंट’मध्ये एकेक बटण बंद करत गेलं की गर्दी बरीच कमी होते, पण पूर्ण जात नाही.

आणि खोक्यावर छापलेल्या सोयींच्या यादीवर फार विसंबू नये. डबा आपल्या मालकीचा, त्यातल्या सोयी मात्र भाड्याच्या घरासारख्या. मालकाच्या मनात आलं की खाली कराव्या लागतात. पाककृतीची एकेक पायरी वाचून दाखवणं ही नेस्ट हबची एकेकाळची मिरवायची गोष्ट. जानेवारी २०२४ मध्ये गुगलने असिस्टंटमधल्या १७ सोयी बंद केल्या, त्यांत हीसुद्धा गेली. २०१८ मध्ये गुगलचंच सॉफ्टवेअर घालून लेनोवो, जेबीएल आणि एलजी यांनी सुरेख डिस्प्ले काढले होते, लेनोवोच्या दहा इंचीची पाठ तर बांबूची होती. २०२३ मध्ये गुगलने या तिघांचे अपडेट थांबवले. म्हणून कुणी बाहेरच्या कंपनीचा जुना डिस्प्ले स्वस्तात देऊ केला तर फोटोफ्रेमच्या भावाने घ्यावा, त्याहून एक रुपया जास्त देऊ नये.

व्हिडिओ कॉलसाठीच घ्यायचा असेल तर आणखी एक निराशा वाट बघत असते. घरोघरचे कॉल व्हॉट्सॲपवर होतात आणि व्हॉट्सॲप या दोघांवरही चालत नाही. ज्यावर ते चालायचं, तो फेसबुकचा पोर्टल. तो सामान्य ग्राहकांना विकणं कंपनीने २०२२ मध्ये थांबवलं. सात इंची नेस्ट हबला कॅमेराच नाही, समोरचा दिसतो, आपण दिसत नाही. तेव्हा मुलगी शिकागोला आणि आईबाबा साताऱ्यात, असं असेल तर एको शो ८ जास्त कामाचा. मुलीकडे दुसरा एको शो नसला तरी फोनवरचं अलेक्सा ॲप पुरतं. त्यात ‘ड्रॉप इन’ नावाची सोय आहे, कॉल उचलावा न लागता तो थेट जोडला जातो. गुडघे दुखणाऱ्या आईसाठी वरदान. पण परवानगी एकेका माणसाला वेगळी द्यावी लागते, आणि ती द्यावीही एखाद-दुसऱ्यालाच. बाबा पंचा गुंडाळून पेपर वाचत असताना भाचेजावई हॉलमध्ये प्रकट व्हायला नको. एको शोच्या कॅमेऱ्यावर सरकणारी झडप असते, ती एरवी लावून ठेवावी. झोपण्याच्या खोलीत कॅमेरा नसलेलाच डिस्प्ले न्यावा. यावर दुसरं मत असू शकतं असं वाटत नाही.

बिघाड म्हणून जे दुकानात किंवा कस्टमर केअरला सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं वाय-फायचं असतं. फोनवरून व्हिडिओ कास्ट करायचं, म्हणजे डिस्प्लेवर पाठवायचं, चिन्हच दिसत नसेल तर फोन आणि डिस्प्ले एकाच नेटवर्कवर आहेत ना ते बघावं. एक पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवर असेल तर ते एकमेकांना दिसत नाहीत. स्मार्ट बल्ब जोडला जात नसेल तर बल्बला वाय-फायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कळतो आणि फोन ५ च्या पट्ट्यावर बसलेला असतो. जोडणीपुरता फोन २.४ वर आणावा. इंटरनेट कंपनी बदलली की सगळ्यात मोठा घोळ होतो. एको शोमध्ये नवं वाय-फाय स्क्रीनवरच, सेटिंग्जमधल्या ‘नेटवर्क’मध्ये निवडता येतं. नेस्ट हबमध्ये स्क्रीनवर ती सोय नाही, गुगल होम ॲपमधून जुनं नेटवर्क विसरायला लावून मांडामांड पुन्हा करावी लागते. त्यापेक्षा नव्या राउटरला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यायला जोडणाऱ्या माणसाला सांगावं, अगदी मोठी-लहान अक्षरंसुद्धा तीच. डिस्प्ले, बल्ब, टीव्ही, सगळे आपापले जोडले जातात.

बॅटरी दोघांतही नाही. वीज गेली की डिस्प्ले गेला, म्हणून पहाटेच्या एसटीसाठीचा गजर फोनवरच लावावा. राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस नेस्ट हबला जोडायचा मोह टाळावा, त्याचा अडॅप्टर १४ व्होल्टचा आहे. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटर आणि डिस्प्ले दोघांचेही प्लगपॉईंट त्याच्या लाईनवर आहेत का ते वायरमनकडून एकदा बघून घ्यावं. नुसता डिस्प्ले चालू राहिला आणि राउटर झोपला, तर तो आपल्याला इंटरनेट नसल्याचं सांगत बसतो. अमेरिकेहून कुणी सामानातून आणलेल्या डिस्प्लेचा अडॅप्टर आपल्या विजेवर चालतो, फक्त चपट्या पिनांसाठी कन्व्हर्टर लागतो. खातं मात्र ॲमेझॉन डॉट इनचं जोडावं आणि ॲपमध्ये पत्ता आपला घालावा, नाहीतर सकाळी उठून न्यू जर्सीचं हवामान ऐकावं लागतं. इथे दुरुस्तीची वॉरंटी मिळेल ही आशा ठेवू नये.

खातं जोडलं की पहिल्याच दिवशी एक काम उरकून टाकावं. अलेक्सा ॲपमध्ये ‘मोअर’, मग ‘अलेक्सा प्रायव्हसी’ इथे जाऊन जुनी रेकॉर्डिंग तीन महिन्यांनी आपोआप पुसली जातील असं लावावं. गुगलमध्ये हेच ‘माय ॲक्टिव्हिटी’त आहे. आणि पुढे कधी डिस्प्ले भाच्याला दिला, विकला किंवा ई-कचऱ्यात टाकला तर आधी तो रिकामा करावा. एको शोसाठी सेटिंग्ज, ‘डिव्हाइस ऑप्शन्स’, मग फॅक्टरी रीसेट. नेस्ट हबच्या पाठीवरची आवाजाची दोन्ही बटणं एकत्र, साधारण दहा सेकंद दाबून धरायची. त्यानंतर फोनवरच्या ॲपमधूनही त्याचं नाव काढून टाकायचं.