चाळिशी लागलेल्या डोळ्यांसाठी बंदुकीची माशी

अमेरिकेतल्या युटा राज्यात हरणाच्या शिकारीचे परवाने सोडतीने मिळतात. दोन वर्षांपूर्वी ठासणीच्या बंदुकीच्या हंगामासाठी माझे नाव सोडतीत निघाले, तेव्हा बंदूक कोणती घ्यावी यावर मी महिनाभर विचार केला; तिच्यावरून नेम कशाने धरायचा, यावर मात्र क्षणभरही केला नाही. दुकानातून आली तशी, मागे खाच आणि नळीच्या टोकावर माशी, म्हणजे नेम धरायचा बारीक खुंट, बसवलेली बंदूक घेऊन मी सरावाच्या मैदानावर गेलो, आणि 100 यार्डांवरच्या कागदावर माझ्या पाच गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत पसरलेल्या पाहून परत आलो.

मोठे दाखवणारी दुर्बीण बसवून प्रश्न मिटवण्याची सोय येथे नाही. युटाने 2016 मध्ये ठासणीच्या बंदुकीवर प्रतिमा मोठी करणाऱ्या दुर्बिणीला परवानगी दिली होती. 2024 पासून ती काढून घेण्यात आली आणि आता एकपट, म्हणजे वस्तू जेवढी आहे तेवढीच दाखवणारी साधनेच चालतात. मला हा निर्णय पटतो. हा हंगाम वेगळा ठेवण्यामागचा हेतूच जनावराच्या जवळ जावे लागावे असा आहे, आणि तीनशे यार्डांवरून मारायचे असेल तर त्यासाठी साध्या रायफलचा हंगाम आहेच. शेजारच्या कोलोरॅडोचा नियम याहून कडक आहे. तेथे ठासणीच्या हंगामात बॅटरीवर चालणारी कोणतीही साइट, म्हणजे नेम धरण्याचे साधन, चालत नाही. आयडाहोतही खाच-माशी किंवा भोकाची साइट एवढेच वापरता येते. त्यामुळे निवड करताना आपण कोणत्या राज्यात अर्ज भरणार आहोत, हे आधी ठरवलेले बरे.

सिंधुदुर्गातल्या आमच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एक ठासणीची बंदूक होती, जी निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची. तिच्या नळीच्या टोकावर पितळेची माशी होती, मागे खाच नव्हतीच. भातात घुसलेल्या डुकरांच्या दिशेने वीस पावलांवरून बार काढणाऱ्या आजोबांना तिची गरजही भासली नाही. जुन्या मराठीत नेमाला ‘शिस्त’ म्हणत आणि शिस्त धरून गोळी मारत. आजोबांच्या बंदुकीला शिस्त अशी नव्हतीच, फक्त दिशा होती. इकडे मात्र एकच गोळी, एकच संधी आणि शंभर यार्ड, असा मामला आहे.

माझी मूळ अडचण डोळ्यांची होती. खाच, माशी आणि जनावर या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या अंतरांवर असतात आणि डोळा एका वेळी त्यांतल्या एकाच गोष्टीवर स्थिर होतो. विशीत डोळा इतक्या झपाट्याने मागेपुढे करतो की हे लक्षातही येत नाही. चाळिशी लागल्यावर मात्र जवळची खाच धुरकट पट्टीसारखी दिसू लागते आणि माशी तिच्या नेमकी मध्ये आहे की नाही, हे आपण अंदाजाने ठरवू लागतो. त्यात माझ्या बंदुकीवरची माशी म्हणजे प्रकाश गोळा करणारा हिरवा फायबरचा ठिपका होता. दीड मिलिमीटर जाडीचा ठिपका डोळ्यापासून 90 सेंटीमीटरवर असेल, तर 100 यार्डांवर तो सुमारे 15 सेंटीमीटरचा भाग झाकतो आणि 150 यार्डांवर जवळजवळ 23 सेंटीमीटरचा. म्यूल डिअर जातीच्या हरणाच्या छातीत ज्या भागात गोळी लागली पाहिजे, तो भाग साधारण तेवढाच असतो, म्हणजे जेथे मारायचे तेच दिसेनासे होते. शिवाय ऊन एका बाजूने पडले की ठिपक्याची उजळलेली कडच आपण त्याचा मध्य समजतो आणि गोळी बाजूला जाते. दुकानाच्या दिव्याखाली हा ठिपका फार आकर्षक दिसतो, एवढे मान्य करतो.

एका मित्राने मग त्याची लाल ठिपक्याची साइट वापरायला दिली. या साइटचे तत्त्व जुने आहे: डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी 1900 मध्ये काचेवर परावर्तित होणाऱ्या खुणेची कल्पना मांडली, आणि 1975 मध्ये एमपॉइंट या स्वीडिश कंपनीने विजेवर चालणारी साइट बाजारात आणली. ठिपका आणि जनावर दोन्ही एकाच अंतरावर असल्यासारखे दिसतात, डोळा काचेपासून किती दूर ठेवावा याचे बंधन नसते आणि चाळिशीचा प्रश्नच निघून जातो. ज्यांना हे साधन मानवते त्यांनी पुढे वाचण्याचे कारण नाही. दोन एमओएचा, म्हणजे 100 यार्डांवर सुमारे दोन इंच झाकणारा ठिपका घ्यावा आणि पहाटे त्याचा उजेड अगदी कमी ठेवावा. मला मात्र तो ठिपका शेपटी फुटलेल्या स्वल्पविरामासारखा दिसला. साइट बिघडली असावी असे वाटून मी फोनच्या कॅमेऱ्याने तिच्यातून छायाचित्र काढले, तर त्यात ठिपका सुबक गोल! दोष काचेचा नव्हता, माझ्या डोळ्यातल्या दृष्टिवैषम्याचा (ॲस्टिग्मॅटिझमचा) होता. साइट घेण्यापूर्वी ही चाचणी प्रत्येकाने करावी. तिला एक पैसाही लागत नाही.

दृष्टिवैषम्य असलेल्यांना एकपट प्रिझ्म साइट सुचवली जाते. तिच्यात खूण काचेवर कोरलेली असते, त्यामुळे ती रेखीव दिसते आणि बॅटरी संपली तरी काळी खूण शिल्लक राहते. मला ती आवडलीही. पण तिच्यासाठी डोळा काचेपासून साधारण सात-आठ सेंटीमीटरवर आणावा लागतो, आणि भरपूर दारू ठासलेल्या बंदुकीचा धक्का बसतो तेव्हा हे अंतर फार कमी वाटते. तिसऱ्या बाराला साइटची कड माझ्या भुवईला चाटून गेली आणि तो विषय तेथे संपला.

शेवटी उरली ती भोकाची साइट, जिला येथे पीप म्हणतात. मागे खाचेऐवजी एक छोटे कडे असते आणि त्यातून पाहायचे. कड्याकडे लक्ष द्यायचे नसते. डोळा आपोआप मधोमध येतो, कारण उजेड तेथेच सर्वांत जास्त असतो. बारीक भोकातून पाहिल्याने माशी आणि जनावर दोन्ही पुरेशी स्पष्ट दिसतात. चष्मा न लावता मुठीच्या फटीतून पाटी वाचणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. हे कडे खाचेपेक्षा बरेच मागे, डोळ्याजवळ बसते, याचाही फायदा होतो. खाच आणि माशी यांत 50 सेंटीमीटर अंतर असेल, तर पाव मिलिमीटरची चूक 100 यार्डांवर साडेचार सेंटीमीटरची होते. तेच अंतर 70 सेंटीमीटर केले की ती सव्वातीनवर येते.

मात्र भोक जितके बारीक, तितका उजेड कमी. येथे सूर्योदयापूर्वी अर्धा तास आणि सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकार करता येते, आणि हरणे नेमकी त्याच वेळी ॲस्पेनच्या झाडीतून बाहेर येतात. सरावाच्या मैदानावर दुपारी बारा वाजता उत्तम वाटलेले बारीक भोक पहाटे सव्वासात वाजता निव्वळ काळे वर्तुळ ठरले. मी त्यातली आतली चकती काढून टाकली आणि तीन मिलिमीटरहून मोठे भोक ठेवले. कागदावरचा नेम किंचित सैल झाला, पण तो पहाटेही धरता येऊ लागला. माझ्या मते साइटची खरी परीक्षा याच अर्ध्या तासात व्हावी, आणि दुकानदाराने हरकत घेतली नाही तर ती दुकानाबाहेर, संध्याकाळी करावी.

मोठे न दाखवणाऱ्या साइटबरोबर आणखी एक जबाबदारी येते. सर्वसाधारण परवान्यावर येथे नरच मारता येतो, आणि नर म्हणजे ज्याची शिंगे पाच इंचांहून लांब आहेत तो. शंभर यार्डांवरून उघड्या डोळ्यांनी हे ठरवता येत नाही. म्हणून गळ्यात हातात धरायची दुर्बीण हवीच, आणि तिच्यातून पाहून झाल्याशिवाय बंदूक खांद्याला लावायची नाही. साइटवर वाचलेले पैसे मी या दुर्बिणीत घातले. अंतराची मर्यादाही मी 100 यार्डांवर आणली, कारण त्या अंतरावर जुळवलेली माझी गोळी 150 वर पाच-सहा इंच खाली जाते आणि तेवढी भर अंदाजाने घालण्याइतका विश्वास मला स्वतःवर नाही.

राहता राहिली माशी. कडे नळीपासून उंच बसते, त्यामुळे जुनी माशी बुटकी पडली आणि गोळ्या वर जाऊ लागल्या. फायबरचा ठिपका काढून मी तेथे सपाट डोक्याची, उंच, कोरी पोलादी माशी बसवली, जी आपणच कानशीने घासून जुळवायची असते. माशी घासली की गोळी वर जाते; 70 सेंटीमीटरच्या अंतरावर 0.4 मिलिमीटर घासले, तर 100 यार्डांवर सुमारे पाच सेंटीमीटर. घासलेले परत चिकटवता येत नाही, म्हणून दोन हात मारायचे, तीन गोळ्या झाडायच्या, नळी पुसायची आणि पुन्हा कानस, असे तीन शनिवार गेले. सध्या गोळी मध्यापासून बोटभर खाली लागते आहे, आणि थंडीत दारू कशी वागते हे पाहिल्याशिवाय मी कानस पेटीतून बाहेर काढणार नाही.